चिपळूणजवळच्या गावातून जपानी शिकायचं आहे, ऑनलाइन कुठून सुरुवात करू?

वाशिष्ठी_काठ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. मी चिपळूणपासून थोड्या आतल्या गावात राहते, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय आणि तीन वर्षं एका खाजगी दवाखान्यात काम करतेय. जपानमध्ये वृद्धांच्या देखभालीच्या कामाला जायचं मनात आहे. त्यासाठी भाषा लागते, आणि इथे जवळपास जपानीचा क्लास नाही. पुण्याला राहून शिकणं जमणार नाही, बाबांना सोडून जाता येत नाही सध्या.

गेल्या वर्षी एका एजंटकडे वीस हजार भरले होते. सहा महिन्यांत भाषा शिकवून पाठवतो म्हणाला, व्हॉट्सअॅपवर चार पीडीएफ आल्या आणि नंतर फोनच बंद. ते पैसे गेले, पण त्या चार पीडीएफमधून हिरागाना ही जपानी अक्षरं मात्र मी शिकले आणि आता भाषेचीच ओढ लागलीय.

नेट घरात येत नाही, गच्चीवर टाकीपाशी येतं. रोज दीड तास काढू शकते, रात्री जेवणं आवरल्यावर. इंग्रजी वाचून समजतं पण व्याकरण इंग्रजीतून वाचलं की डोक्यात काही बसत नाही. नुसत्या मोबाइलवर एन४ पर्यंत (जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेची खालून दुसरी पातळी) जाता येतं का? कोणी गेलंय का? खरं खरं सांगा.

तेंडोलीचो_झील
बाय, माका जपानी येना नाय, पण गच्चीवरच्या नेटचा दुख्ख माका ठावक आसा. आमच्याकडे पावसात टॉवर झोपलो की दोन दोन दिस उठना नाय. जा काय डाऊनलोड करूचा ता मे महिन्यातच करून ठेव.

नागोयाकर_मूळचा_गुहागरचा
वर झीलने जे सांगितलंय ते सगळ्यात महत्त्वाचं, हसण्यावारी नेऊ नका. ताई, 'इरोदोरी' नावाचं पुस्तक आहे, जपान फाउंडेशनने काढलेलं. अख्खं पुस्तक पीडीएफ आणि सगळे ऑडिओ त्यांच्या साइटवर फुकट. तीन भाग आहेत, स्टार्टर, मग एलिमेंटरी १ आणि २. तिन्ही उतरवून घ्या, एकदा मोबाइलमध्ये आलं की मग टॉवर झोपला काय नि लाईट गेली काय. हे पुस्तक जपानात येऊन काम करणाऱ्या माणसासाठीच लिहिलंय, त्यामुळे त्यात 'हे पेन आहे, ते टेबल आहे' असली वाक्यं घोकायला लावत नाहीत, रोजच्या जगण्यातले प्रसंग घेऊन शिकवतात.

मी इथे आलो तेव्हा माझ्याकडे एन४ चं सर्टिफिकेट होतं आणि पहिल्या दिवशी सुपरवायझर काय बोलतोय त्यातलं एक वाक्य कळलं नाही. कारण मी वर्षभर नुसतं वाचलेलं, ऐकलेलंच नव्हतं. जेएलपीटीत बोलायची परीक्षा नसते आणि हाताने लिहायचीही नसते, गोल काळे करायचे. त्यामुळे परीक्षा पास आणि तोंड बंद अशी माणसं खूप तयार होतात. तुम्हाला आजी-आजोबांशी बोलायचंय, तुम्ही ऐकण्यापासूनच सुरू करा.

पान_नंबर_बारा
इरोदोरी चांगलंच आहे पण नुसत्या त्यावर परीक्षा द्यायची असेल तर व्याकरण कच्चं राहतं. मी स्वतः 'मिन्ना नो निहोंगो' वर एन४ केलं, खेडमधून. पन्नास धडे, पहिले पंचवीस म्हणजे साधारण एन५ आणि पुढचे पंचवीस म्हणजे एन४. मुख्य पुस्तक पूर्ण जपानीत असतं आणि भाषांतर-व्याकरणाचं वेगळं पुस्तक घ्यावं लागतं, हे माहीत नसल्यामुळे लोक एकच घेतात आणि गोंधळतात. यूट्यूबवर प्रत्येक धड्याचे व्हिडिओ आहेत, हिंदीतूनसुद्धा.

आणि प्लीज दहा अॅप घेऊ नका. एक पुस्तक, शब्दांसाठी एक अॅप, डिक्शनरी एक. बास.

अकरावी_ब
मी अॅनिमे बघून शिकलोय!! सबटायटल नसले तरी अर्धं कळतं मला. ताई तुम्ही पण बघा, रोज एक एपिसोड, मज्जा येईल.

नागोयाकर_मूळचा_गुहागरचा
@अकरावी_ब, ऐकायची सवय लागते हे अगदी खरं, सोडू नकोस. पण त्यात मुलगे स्वतःला 'ओरे' आणि समोरच्याला 'ओमाए' म्हणतात ना, ते इथे कामावर कोणाला म्हणू नकोस बाळा. ओमाए म्हणजे आपल्याकडे गुरुजींना 'काय रे तू' म्हणण्यासारखं. ताईंना तर ऐंशी वर्षांच्या लोकांशी बोलायचंय.

लालमाती
धागा आवडला म्हणून सविस्तर लिहितेय. मी रत्नागिरीत राहते, गेली सात वर्षं जपानी शिकवते, बहुतेक ऑनलाइनच. वाशिष्ठी, 'इंग्रजीतून व्याकरण बसत नाही' हे तू लिहिलंयस ना, ते तुझं कमीपण अजिबात नाही. इंग्रजीतून जपानी म्हणजे गणपतीपुळ्याला जायला मुंबई गाठण्यासारखं आहे. मराठीतून ये, रस्ता सरळ आहे.

आधी अक्षरं. हिरागानाचा तक्ता बघ, अ इ उ ए ओ, मग का सा ता ना हा मा या रा वा. ओळखीचं वाटतं की नाही? संस्कृत शिकलेल्या बौद्ध भिक्षूंमुळे आपल्या वर्णमालेचा क्रम तिथे पोचला. 'हा'ची ओळ 'मा'च्या आधी का, तर फार पूर्वी त्या ओळीचा उच्चार 'पा' होता असं अभ्यासक सांगतात. प नंतर म, आपल्यासारखंच. त्यामुळे ४६ अक्षरं पाठ करताना क्रम आपल्याला जवळजवळ फुकट मिळतो.

मग उच्चार. 'त्सु' म्हणताना लोकांची बोबडी वळते. आपल्याला काय अडचण? चमचा, चाक, चूल यातला च म्हण, चहातला नको. तोच तो. 'न' हे एकटं अक्षर पुढच्या व्यंजनाप्रमाणे बदलतं, साम्पो म्हणताना म होतं, ते आपला अनुस्वार रोजच करतो, संप म्हण, संत म्हण, जीभ आपोआप वळते. छोटा त्सु म्हणजे आपलं जोडाक्षर. 'किते' म्हणजे ये, 'कित्ते' म्हणजे पोस्टाचं तिकीट. पत्ता आणि पता यातला फरक ज्याला कळतो त्याला हे शिकवावं लागत नाही.

आता खरी गंमत. 'ताबेते मिरु' यात ताबेते म्हणजे खाऊन आणि मिरु म्हणजे बघणे. खाऊन बघणे! 'ताबेते शिमाउ' म्हणजे खाऊन टाकणे. 'काइते ओकु', लिहून ठेवणे. 'मोत्ते कुरु', घेऊन येणे. इंग्रजी पुस्तकात या एकेकावर दोन दोन पानं खर्ची पडतात. आपण 'ही चटणी खाऊन बघ गो' असं दिवसातून दहा वेळा म्हणतो. क्रियापद शेवटी, 'नि' म्हणजे ला, 'नो' म्हणजे चा-ची-चे, आणि शेवटी 'ने' लावला की आपला ना. 'आत्सुइ देसु ने', उकडतंय ना!

उलट क्रियापदाला लिंग नाही, वचन नाही, पुरुष नाही. तो जातो, ती जाते, ते जातात, सगळ्यांना एकच 'इकु'. हे ऐकून माझ्या विद्यार्थ्यांचे चेहरे उजळतात दरवेळी.

पान_नंबर_बारा
@लालमाती मॅडम, सुंदर लिहिलंत, पण एक गोष्ट नोंदवतो. सगळंच मराठीवर बेतायला गेलं की पुढे फसायला होतं. नामाला लागणाऱ्या 'वा' आणि 'गा' या प्रत्ययांमधला फरक मराठीत नेमका नाही. आहे-नाहीसाठी सजीवाला 'इरु' आणि निर्जीवाला 'आरु' हेही नाही. आणि उच्चार देवनागरीत लिहायची सवय लागली की डोळे हिरागाना वाचायचा आळस करतात. मी तीन महिने वहीत देवनागरी लिहीत बसलो आणि मग वाचनाचा वेगच येईना, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं.

लालमाती
बरोबर आहे तुमचं, देवनागरी पहिले दोन आठवडे, त्यानंतर बंद. मी मुलांना तेच सांगते. रोमन लिपी तर वापरूच नका, तिच्यातून उच्चार बिघडतात. समजून घ्यायला मराठी, वाचायला-लिहायला हिरागाना. 'वा'साठी मी 'तर' वापरते. 'मी तर चहा घेणार', वाताशि वा. पूर्ण जुळत नाही पण दार उघडतं.

कुर्ल्या_आणि_कालवं
मला भाषा येत नाही पण भाची शिकते तिच्याकडून ऐकलेलं सांगते. जपानीत 'आजी' म्हणजे चव, आणि एका माशाचं नावपण आजी! 'काकी' म्हणजे कालवं! आमच्या घरी आता कालवाचं कालवण झालं की भाची ओरडते, आज काकीची आमटी. आणि माझी सख्खी जाऊ तिथेच बसलेली असते.

तेंडोलीचो_झील
😂 😂 काकी वाचल्यो काय पण?

अकरावी_ब
'कसा' म्हणजे छत्री. 'असा' म्हणजे सकाळ. 'नाना' म्हणजे सात. 'आई' म्हणजे प्रेम.

कुर्ल्या_आणि_कालवं
शेवटचं बरोबरच आहे की मग.

तेंडोलीचो_झील
'असा' म्हणजे सकाळ? मगे मालवणी माणूस दिवसभर सकाळच सांगत आसता!

देवगडचा_कलमवाला
विषय जरा बाजूला जातोय पण राहवत नाही. आपला हापूस जपानने फळमाशीच्या भीतीने वीस वर्षं बंद ठेवला होता, २००६ मध्ये परत उघडला. गरम वाफेची प्रक्रिया करून पाठवायचा या अटीवर, आणि तपासायला त्यांचा माणूस हंगामात इकडे येतो. अशाच एका पाहुण्यांशी माझी भेट झाली होती. मध्ये दुभाषा होता तरी मला एकच वाटत राहिलं की आंब्याबद्दल मी स्वतः चार शब्द बोलायला हवे होते. कापून दिला तेव्हा ते 'ओइशी', म्हणजे चविष्ट, म्हणाले, तेवढा एक शब्द मी घेऊन आलो. आता मी आणि माझी बारावीतली मुलगी दोघं शिकतोय. एनएचके वर्ल्डचे 'ईझी जॅपनीज' चे धडे आहेत ना, ते हिंदीतूनही आहेत, छोटे छोटे, आम्ही ते कलमांत औषध मारताना कानाला लावतो. ज्यांना इंग्रजी जड जातं त्यांनी तिथून सुरुवात करावी.

पान_नंबर_बारा
शब्द पाठ करायला 'अंकी' बद्दल कोणीच कसं बोललं नाही अजून? ताई, अँड्रॉइडवर 'अंकीड्रॉइड' पूर्ण फुकट आहे (आयफोनवर पैसे पडतात), एकदा संच उतरवला की नेट लागत नाही. शब्द विसरायच्या बेताला आला की ते तो परत पुढे आणतं. आठवला तर पुढच्या वेळी जास्त दिवसांनी, चुकला तर लगेच. फक्त उत्साहात रोज पन्नास नवे शब्द लावू नका. पहिले चार दिवस भारी वाटतं आणि दोन आठवड्यांनी उजळणीचाच डोंगर उभा राहतो, मग माणूस अॅपच उघडत नाही. रोज दहा नवे, आणि नवा शब्द नाही झाला तरी चालेल पण उजळणी चुकवायची नाही. डिक्शनरीला 'ताकोबोतो', तीही नेटशिवाय चालते.

कातळशिल्प
ते घुबडवालं ड्युओलिंगो अॅप कसं आहे? त्यात माझी १४० दिवसांची सलग साखळी झालीय.

पान_नंबर_बारा
१४० दिवस रोज बसलात ही सवय फार मोलाची आहे. आता तेवढाच वेळ इरोदोरी किंवा मिन्नाला द्या आणि दोन महिन्यांनी इथे येऊन सांगा. त्या अॅपवर वाक्य बरोबर आलं तरी का बरोबर आलं ते कळत नाही.

दापोलीची_सून
मी भाषेपेक्षा कामाबद्दल लिहिते कारण माझी नणंद तिकडे देखभालीच्या कामात आहे. वाशिष्ठी, 'काइगो' म्हणजे नर्सिंग नव्हे, हे मनाशी आधी स्पष्ट करून घे. अंघोळ घालणं, भरवणं, उठवून बसवणं, शौचाला नेणं, ही कामं. जपानमध्ये नर्स म्हणून काम करायचं तर त्यांची राष्ट्रीय परीक्षा जपानीतून द्यावी लागते, ती फार पुढची पायरी. तुझं जीएनएम वाया जात नाही, माणसाला हात कसा लावायचा हे तुला येतंच, पण हुद्दा नर्सचा नसतो.

'तोकुतेइ गिनो' (विशिष्ट कौशल्य) नावाचा कामाचा व्हिसा २०१९ पासून आहे आणि भारत-जपान करार २०२१ मध्ये झाला. त्याच्या पहिल्या प्रकारात एकूण पाच वर्षांपर्यंत राहता येतं आणि घरच्यांना सोबत नेता येत नाही, बाबांचा विचार करताना हे धरून चाल. भाषेसाठी एन४ किंवा 'जेएफटी-बेसिक' यातलं एक चालतं, त्याशिवाय कामाच्या कौशल्याची परीक्षा आणि काइगोच्या जपानीची वेगळी परीक्षा. जेएफटी-बेसिक कॉम्प्युटरवर होते, तासाभराची, २५० पैकी २०० लागतात. जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, पुण्या-मुंबईत केंद्र मिळतं, पण फॉर्मची मुदत कितीतरी आधी संपते ते ध्यानात ठेव.

आणि यातली एकही गोष्ट एजंटशिवाय अडत नाही. परीक्षेची फी तू स्वतः भरतेस, निकाल तुझ्या नावावर येतो. परीक्षा पास व्हायच्या आधी जो पैसे मागेल त्याला दारातूनच परत पाठव.

वाशिष्ठी_काठ
किती लिहिलंत सगळ्यांनी. काल रात्री गच्चीवर बसून सगळं दोनदा वाचलं. दापोलीची_सून ताई, पाच वर्षं आणि घरच्यांना नेता येत नाही हे मला माहीतच नव्हतं, एजंटने हे कधी सांगितलं नाही. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, तू शीक, जायचं की नाही ते नंतर बघू. तेव्हा शिकणं तर नक्की.

लालमाती मॅडम, 'खाऊन बघ' वाचल्यावर मी मोठ्याने हसले, आई विचारायला वर आली काय झालं म्हणून.

आता एकच राहिलंय. ऐकणं ऑडिओवर होईल, वाचणं होईल. बोलायचं कोणाशी?

कातळशिल्प
अनोळखी परदेशी लोकांशी बोलायची अॅप असतात, तू त्याला मराठी शिकव, तो तुला जपानी.

सागरगोटा
मुलींनी त्यात सांभाळून. मी असं एक अॅप वापरलं, चांगल्या दोन बायका भेटल्या, एकीशी अजून बोलते. पण पहिल्या आठवड्यात जे मेसेज आले त्यातले निम्मे भाषेसाठी नव्हतेच. फोटो स्वतःचा ठेवू नका, गाव लिहू नका, फक्त बायकांशी बोलायचं असं सेटिंग असेल तर ते आधी करा.

नागोयाकर_मूळचा_गुहागरचा
एकटीनेही बोलायचा सराव होतो. ऑडिओ लावायचा आणि त्याच्या पाठोपाठ, अर्ध्या सेकंदाच्या अंतराने, तसंच म्हणत जायचं. चाल, सूर, थांबणं सगळं उचलायचं, कीर्तनात टाळकरी बुवांच्या मागून उचलतात तसं. 'आमे' पहिल्या अक्षरावर चढवलं तर पाऊस, दुसऱ्यावर चढवलं तर चघळायची गोळी, हे नुसतं वाचून कधीच कळत नाही. सुरुवातीला ऑडिओ हळू लावा. स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐका.

आणि दर रविवारी इथल्या संध्याकाळी मी मोकळा असतो, तुमच्याकडे दुपार. अर्धा तास बोलू शकतो, पण एक अट. जपानीतच.

देवगडचा_कलमवाला
माझी मुलगी येईल. बुधवारी रात्री पण चालेल, तिला सोबत हवीच आहे. मी मागे बसून ऐकेन.

लालमाती
बुधवार मी घेते. पैसे वगैरे काही नको. फक्त प्रत्येकीने इरोदोरीचा तो धडा ऐकून यायचं.

वाशिष्ठी_काठ
*(दहा आठवड्यांनी)*
धागा वर काढतेय. इरोदोरीचा स्टार्टर भाग संपत आला. पाऊस सुरू झाल्यापासून गच्चीवर बसता येत नाही, जिन्याच्या वरच्या पायरीवर छत्री धरून बसते (कसा!), तिथे एक काडी येते नेटची. बुधवारचे दोन कॉल बुडाले, बाकी सगळे झाले. अंकी चुकवलं नाही. चौकटीच्या गणिताच्या वहीत कांजी (चिनी चित्राक्षरं) काढते, परवा 'यासुमु' काढलं, शेजारी माणूस आणि झाड, म्हणजे विश्रांती. आमच्या फणसाखाली दुपारी गडी टेकतात ते डोळ्यासमोर आलं आणि एकदाच लिहून पाठ झालं.

आता अडलंय ते असं. दवाखान्यात म्हातारी माणसं कधी नुसतं 'दुखतंय' म्हणत नाहीत. ठसठसतंय, चुरचुरतंय, टोचतंय, पोटात बारीक बारीक दुखतंय असं सांगतात, आणि त्यावरूनच आम्हाला कळतं काय झालंय ते. पुस्तकात मला फक्त 'इताइ' सापडतंय. जपानी आज्या काय म्हणतात?

लालमाती
अगं, किती नेमका प्रश्न विचारलास. जपानीत ते सगळं आहे आणि तेही आपल्यासारखंच, शब्द दोनदा म्हणून. आपला पाऊस धो धो पडतो, त्यांचा 'झाआ झाआ'. आपली रिपरिप, त्यांची 'शितो शितो'. दुखण्याचंही तसंच. ठसठस म्हणजे 'झुकी झुकी'. टोचल्यासारखं 'चिकु चिकु'. भाजल्यावर किंवा खरचटल्यावर चुरचुरतं ते 'हिरी हिरी'. डोकं ठणठण करतं ते 'गान गान'. आणि तुझं ते पोटात बारीक बारीक दुखत राहणं, त्याला 'शिकु शिकु'.

दापोलीची_सून
नणंदेला आत्ताच विचारलं. म्हणाली, कामावर गेल्यावर पहिल्या महिन्यात हेच शब्द वहीत लिहून घेतले होते, आधी कोणी शिकवलेच नव्हते. तिची वही फोटो काढून पाठवतेय, इथे टाकते रात्री.

तेंडोलीचो_झील
पोटात मुरडा मारता तेका काय म्हणतत ता पण विचार गो.

वाशिष्ठी_काठ
झुकी झुकी, हिरी हिरी, शिकु शिकु. लिहून घेतले. बुधवारी मी पेशंट होते, देवगडची ताई नर्स होऊ दे, मला कुठे कसं दुखतंय ते तिने जपानीतून विचारायचं. चालेल ना मॅडम?

देवगडचा_कलमवाला
चालेल म्हणतेय. आत्तापासूनच घरभर शिकु शिकु करत फिरतेय.